प्राणवायूचीही मात्रा असते

बाळ जन्मताच रडले नाही, की सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. ‘आधी ऑक्सिजन लावा’ ही नातेवाइकांची पहिली विनवणी असते. अनेक दशके डॉक्टरही तेच करत. अशा बाळाला १०० टक्के ऑक्सिजन दिला जाई. आता मात्र पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देण्याची सुरुवात साध्या हवेने केली जाते. या हवेत प्राणवायू असतो अवघा २१ टक्के.

यामागे कारण आहे. प्राणवायू तुटला की मेंदूच्या पेशींची ऊर्जा संपते आणि काही पेशी लगेच मरतात. रक्तप्रवाह सुरळीत झाल्यावर बाळ सावरल्यासारखे वाटते. पण काही तासांनी इजेची दुसरी लाट येते. सुरुवातीला गरजेपेक्षा जास्त प्राणवायू मिळाला, तर ‘फ्री रॅडिकल्स’ नावाचे घातक रेणू वाढतात आणि वाचू शकणाऱ्या पेशींनाही इजा करतात. शिवाय निरोगी बाळाच्या रक्तातही ऑक्सिजनची पातळी ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचायला पाच ते दहा मिनिटे लागतात.

या बदलात भारताचा वाटा मोठा आहे. दिल्लीतील डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे डॉ. ओला सॉगस्टाड यांच्या गटाने १९९३ मध्ये दिल्लीतील नवजात बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे सहा देशांतील सहाशेहून अधिक बाळांची पाहणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या हवेने काम भागते, एवढेच नव्हे तर त्या बाळांनी पहिला श्वासही लवकर घेतला, असे दिसले. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना बदलल्या.

याचा अर्थ ऑक्सिजन वाईट, असा नाही. हवा देऊनही हृदयाचे ठोके वाढत नसतील, तर तो वाढवावाच लागतो. पण सिलिंडरपेक्षा मोलाची असते ती बॅग, मास्क आणि ते वापरणारा सरावलेला हात. फुफ्फुसे फुगलीच नाहीत, तर नाकाजवळ धरलेल्या नळीचा उपयोग नाही. म्हणूनच पहिल्या ६० सेकंदांना ‘सोनेरी मिनिट’ म्हणतात.

इजा होऊन गेल्यावर पुढे काही पालक मुलाला उच्च दाबाच्या ऑक्सिजन कक्षात नेतात. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडून सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांवर कॅनडात झालेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना उच्च दाबाचा ऑक्सिजन, तर काहींना किंचित दाबाची साधी हवा दिली. दोन्ही गटांतील मुले सुधारली, पण फरक दिसला नाही. त्यामुळे तो पैसा आणि वेळ नियमित फिजिओथेरपीसाठी राखणे शहाणपणाचे.

प्रसूतीसाठी रुग्णालय निवडताना ‘ऑक्सिजन आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘बाळ रडले नाही, तर बॅग-मास्कने श्वास देणारे कोणी त्या वेळी हजर असेल का?’ हेही जरूर विचारावे.