गाडीची हिवाळी झोप

जर्मनीतलं श्टुटगार्ट म्हणजे पोर्शे आणि मर्सिडीझचं गाव. मी तिथं राहतो. इथं अनेक स्पोर्ट्‌स कारच्या नंबरप्लेटवर उजव्या कडेला महिन्यांचे आकडे असतात. ०४ आणि १० म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेले महिने ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही; पण करही तेवढ्याच महिन्यांचा. ही सोय १९९७ची.

हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि मिठानं लोखंड गंजतं. म्हणून ऑक्टोबरअखेर मी गाडी खालूनही धुतो, थोडी चालवून ब्रेक सुकवतो, मेण लावतो. दमट हवेला जागा उरू नये म्हणून टाकी भरतो. टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवतो. हॅण्डब्रेक न ओढता चाकांना ठोकळे लावतो.

‘मधूनमधून पाच मिनिटं सुरू करावी,’ असं पुष्कळांना वाटतं. पण लिटरभर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन पुरतं तापलं नाही, तर त्यातलं काही तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचतं. गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय बंद गॅरेजमधला कार्बन मोनॉक्साइड वायू जिवावर बेततो. बॅटरीसाठी छोटा चार्जर पुरे. झोपवलेली गाडी एप्रिलपर्यंत उठवू नये, हेच खरं.