तुयेची इमारत आणि कारभाराचे बळ

पेडणे तालुक्यातील तुये गावी शंभर खाटांच्या रुग्णालयाची प्रशस्त इमारत उभी राहिली. आणि उभी राहिल्यावर वर्षानुवर्षे बंद राहिली. 2025 साली हे रुग्णालय गोमेकॉशी संलग्न करून चालू करावे यासाठी तालुक्यातील लोकांना आंदोलन करावे लागले. तोवर पेडण्यातील अडल्या-नडल्या रुग्णाची वाट म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयाकडे, नाही तर थेट बांबोळीलाच जात होती. पैसा नव्हता असे कोणी म्हणणार नाही, कारण पैसा नसता तर इमारतच झाली नसती. इच्छा नव्हती असेही म्हणवत नाही. इमारत बांधणे आणि रुग्णालय चालविणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाला लागणारे बळ सरकारजवळ कमी पडले, असेच म्हणावे लागते.

या बळाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. अर्थसंकल्पातील आकड्यांवर चर्चा होते, मंत्र्यांच्या घोषणांवर होते. परंतु घोषणेपासून गावापर्यंतचे अंतर तोडणारी यंत्रणा, म्हणजे जमिनीची नोंद ठेवणारा तलाठी, दाव्याचा निकाल देणारा मामलेदार, रात्रपाळीची परिचारिका, खाणीवर जाऊन माल मोजणारा निरीक्षक, हा विषय कंटाळवाणा वाटतो. राष्ट्रांच्या दीर्घकालीन समृद्धीचा इतिहास मात्र बहुतांशी याच कंटाळवाण्या विषयाचा इतिहास आहे. जपानने 1872 साली सार्वत्रिक प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि 1873 साली जमीनमहसुलाची नवी पद्धत आणून शेतागणिक मालकीची सनद दिली. आधी मोजणी, मग कर, करातून शाळा आणि रस्ते. कारखान्यांचा जपान त्यानंतरचा. शिवकालात अण्णाजी दत्तोंनी केलेली जमीनमोजणी ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला यात काही नवल वाटू नये.

यावर एक आक्षेप येईल. गोव्याचे दरडोई उत्पन्न देशात अग्रभागी आहे. मग येथील कारभार इतका दुबळा कसा म्हणता? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डिचोलीत सापडते. पोर्तुगीज आमदानीत दिलेल्या खाणींच्या सवलती 1987 च्या कायद्याने रद्द होऊन त्यांचे भाडेपट्टे झाले. पुढे परदेशातून मागणी वाढली तसे खनिज अफाट निघाले. पण किती निघाले, कोठून निघाले आणि कोणत्या परवान्याने निघाले, हे नेमके सांगू शकेल एवढी यंत्रणा सरकारपाशी नव्हती. शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 साली खाणी बंद पडल्या. या पट्ट्यांची मुदत 2007 सालीच संपली होती, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. सरकारने घाईने केलेली 88 नूतनीकरणेही न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये रद्द ठरविली. लिलावानंतर डिचोलीचा पट्टा पुन्हा सुरू व्हायला 2024 उजाडले. या बारा वर्षांत ट्रकमालकाचे हप्ते थकले, गॅरेजवाल्याचे गिऱ्हाईक गेले. भूगर्भाने दिलेले उत्पन्न कारभाराच्या दौर्बल्याने असे मध्येच तुटते, म्हणून एखाद्या वर्षाच्या दरडोई आकड्याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही.

जमिनीची कथा याहून जुनी आहे. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला मालकी देणारी 1976 ची पाचवी दुरुस्ती हे मुक्त गोव्याचे मोठे पुण्यकर्म होय. कायदे झाले, दावे मात्र मामलेदार कचेरीत साचत गेले. 2014 साली कुळांचे दावे दिवाणी न्यायालयांकडे सोपविण्यात आले. लोकांनी विरोध केला. 2017 साली ते पुन्हा मामलेदारांकडे आले. गाठोडे या खांद्यावरून त्या खांद्यावर गेले, एवढेच. एक-चौदाच्या उताऱ्यावर कुळाचे नाव नसेल तर भूसंपादनाची भरपाई कोणाच्या हाती पडते, हे मोपा विमानतळ पाहिलेल्या पेडणेकरांना कोणी समजावून सांगायला नको. ज्याची मालकी अनिश्चित, तो बागायतीत पैसा कसा घालणार आणि बँक तरी त्याला कर्ज कशावर देणार?

सरकारला हे जमतच नाही, असे मात्र नाही. कोकण रेल्वेचे महामंडळ 1990 साली स्थापन झाले आणि रोहा ते मंगळूर हा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी वाहतुकीला खुला झाला. त्याचा शेवटचा अडसर पेडण्याचाच बोगदा होता. मऊ, पाणथळ माती पुनःपुन्हा ढासळत होती, माणसे दगावत होती. तरीही काम तडीस गेले. कारण श्रीधरन यांच्यासारखा अधिकारी प्रारंभापासून एका जागी राहिला, त्याला निर्णयाचे अधिकार होते आणि हाताखाली जाणते अभियंते होते. हाच बोगदा ऑगस्ट 2020 मध्ये पुन्हा कोसळला आणि जुलै 2024 मध्ये त्यात पाणी शिरून गाड्या थांबल्या. बांधण्याइतकेच राखण्याचेही बळ लागते, ते असे.

तुयेलाच सुमारे सहा लाख चौरस मीटर जागेवर इलेक्ट्रॉनिक सिटी योजली गेली. केंद्राच्या 2012 च्या योजनेतील ही कल्पना चांगलीच आहे. पेडण्यातील मुलांना मुंबई-पुण्याची वाट धरावी लागू नये, हे कोणाला नको आहे? पण भूखंड आणि कुंपण दाखवून कारखानदार येत नसतो. अखंड वीज मिळेल का, परवाना किती दिवसांत हाती पडेल, तंटा झाल्यास निकाल केव्हा लागेल, जवळच्या तंत्रनिकेतनातून शिकलेला कामगार मिळेल का, एवढे तो विचारतो. आणि अपघात झाल्यास जवळचे रुग्णालय कोणते, हेही विचारतो.

तेव्हा तुयेच्या रुग्णालयाच्या फितीला कात्री लावणाऱ्याचे नाव ठरविण्यापूर्वी सरकारने एक साधा तक्ता जाहीर करावा: डॉक्टरांची मंजूर पदे किती, त्यांतील भरलेली किती, परिचारिका किती, शस्त्रक्रियागृह रात्री चालणार की नाही, आणि या साऱ्याच्या वेतनाची तरतूद पुढील पाच वर्षांच्या अर्थसंकल्पांत कोणत्या शीर्षाखाली होणार.