यंत्रसंगीताची प्रत्यक्ष मैफल

विजेच्या यंत्रांवर वाजविल्या जाणाऱ्या संगीताविषयीं हल्लीं पुष्कळ घरांत एक वाद ऐकूं येतो. तरुण मंडळी अशा जलशाचीं तिकिटें काढतात, आणि वडील माणसें म्हणतात, "मेजामागें उभा राहून बटणें फिरविणारा मनुष्य पाहण्यांत काय आहे? तेंच संगीत घरीं लावून ऐकावें." ही तक्रार अगदींच अनाठायीं नाहीं. तिचें उत्तर द्यावयाचें, तर 'प्रत्यक्ष मैफल' कशास म्हणावें, हेंच आधीं ठरवावें लागतें.

प्रथम रॉक संगीताचा जलसा घेऊं. तेथें गिटारची तार छेडलेली दिसते, ड्रमवर पडणारी काठी आधीं वर उचललेली दिसते, गायकाच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात. काठी जितकी उंच, तितका आघात मोठा, हें लहान मुलासही कळतें. कानाला जें ऐकूं येणार, त्याची वर्दी डोळा आधींच देतो. १९६७ सालीं कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें जिमी हेंड्रिक्सनें आपली गिटार रंगमंचावरच पेटवून दिली. त्या अतिरेकांतही वादक, वाद्य आणि ध्वनि यांचा संबंध प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर होता.

यंत्रसंगीतांत हा संबंध सुटतो. १९६४ सालीं रॉबर्ट मूग या अमेरिकन संशोधकानें जो सिंथेसायझर लोकांपुढें आणला, त्यांत ना तार, ना पोकळ लांकूड. विद्युत्प्रवाहाचीं आंदोलनें घडवून त्यांतून स्वर काढावयाचा. अशा यंत्रांना स्वरांचा क्रम एकदां लावून देतां येतो. मग हात काढून घेतला तरी तीं वाजत राहतात. बोट हळूच फिरलें तरी गडगडाट होऊं शकतो, आणि वादक घामाघूम झाला तरी ध्वनींत फरक पडेलच असें नाहीं. श्रम दिसेनासे झाले, कीं कौशल्याविषयींही संशय येऊं लागतो.

जाणत्या कलावंतांनीं हा संशय तीन मार्गांनीं दूर केला आहे. पहिला मार्ग म्हणजे आपली कृति उघड करून दाखविणें. रशियांत १९२० च्या सुमारास निघालेल्या थेरेमिन या वाद्याला हात लावावयाचाच नसतो. उभ्या दांडीजवळ एक हात हलवून स्वर चढवावयाचा किंवा उतरवावयाचा, आणि धातूच्या वेटोळ्याजवळ दुसरा हात हलवून आवाज लहानमोठा करावयाचा. क्लारा रॉकमोर ही विदुषी तें व्हायोलिनच्या तोडीनें वाजवी, आणि रिकाम्या हवेंत फिरणाऱ्या तिच्या बोटांवर सभा खिळून राही. जर्मनींतील क्राफ्टवेर्क या वाद्यवृंदाचे लोक १९८१ च्या दौऱ्यांत तळहातावर मावणारीं वाद्यें घेऊन रंगमंचाच्या कडेशीं येत आणि पुढच्या रांगेंतील श्रोत्यांना कळ दाबूं देत. २००४ सालीं हांबुर्ग येथें स्थापन झालेल्या टॉपलॅप मंडळाचा तर असा आग्रह, कीं मैफलींतच संगणकाला आज्ञा लिहून संगीत घडविणाऱ्यानें आपला पडदा सर्वांना दिसेल असा भिंतीवर पाडावा.

दुसरा मार्ग म्हणजे लक्ष रंगमंचावरून सभागृहाकडे वळविणें. रॉकच्या जलशांत हजारों डोळे एका व्यक्तीवर असतात. यंत्रसंगीताच्या नृत्यशाळेंत लोक बहुधा एकमेकांकडे पाहतात, आणि खर्जाचे ध्वनि कानांइतकेच छातींतही जाणवतात. संगीत चालविणारा डीजे एका कानानें सभागृहांतील मुद्रिका ऐकतो, दुसऱ्या कानानें पुढची. दोहोंची लय जुळवून तो एकींतून दुसरींत जातो. मिनिटाला सुमारें १२० ठोक्यांची ही लय असते. मधेंच तो खर्ज काढून घेतो. सारें सभागृह वाट पाहूं लागतें. नेमक्या ठोक्यावर खर्ज परत आला, कीं शेंकडों पावलें एकदम पडतात. आपल्या बैठकींत गवई समेवर येतांच माना डोलतात, त्याच जातीचा हा आनंद. मात्र किती वेळ ताणावयाचें, हें त्या रात्रीच्या लोकांकडे पाहूनच ठरतें.

तिसरा मार्ग म्हणजे यंत्राला ठेका सोंपवून स्वतः मोकळें होणें. मुंबईच्या चित्रपटसृष्टींतील वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांच्या साह्यानें दहा राग ध्वनिमुद्रित केले. ती मुद्रिका तेव्हां फारशी कोणीं विचारलीही नाहीं. २०१० सालीं ती पुन्हा निघाली, आणि उतारवयांत त्यांना युरोपांतील रंगमंचांवर वाजविण्यासाठीं बोलावणीं आलीं. त्या संगीतांत ठेका अढळ राहतो. राग फुलवितां फुलवितां चुकण्याची जोखीम मात्र वादकाच्या बोटांवर असते.

तेव्हां तक्रार करणाऱ्यांनीं वादकाचा घाम मोजूं नये. आज जें वाजलें, तें समोर हे लोक नसते तरी अगदीं तसेंच वाजलें असतें काय, एवढेंच विचारावें. उत्तर 'होय' असें आलें, तर तिकिटाचे पैसे खरोखरच वायां गेले. आणि आधीं मुद्रित केलेल्या गाण्यावर ओंठ हालविणाऱ्या रॉक गायकालाही हाच न्याय लावला पाहिजे.