जीर्णोद्धारात हरवणारा आवाज

पेण-रोह्याकडच्या एखाद्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की आपण छपराची, खांबांची, रंगाची चर्चा करतो. आवाजाची कोणी करत नाही. मग कौलांच्या जागी स्लॅब येतो, सारवलेल्या जमिनीवर ग्रॅनाइट बसतं आणि पहिल्याच कीर्तनात कळतं, की बुवांचा आवाज ऐकू येतोय, पण शब्द समजत नाहीत.

असं का होतं? जुन्या सभामंडपात कौलांच्या फटींतून, उघड्या बाजूंतून बराचसा आवाज बाहेर निघून जायचा. स्लॅब आणि ग्रॅनाइट तो परत फेकतात. एक अक्षर विरायच्या आत दुसरं येऊन त्यावर आदळतं. आवाज ६० डेसिबलनं उतरायला जो वेळ लागतो, त्याला आपण निनादकाळ म्हणतो. १८९५च्या सुमारास हार्वर्डच्या व्याख्यानगृहात नाट्यगृहातल्या गाद्या आणून वॉलेस सॅबिन यांनी त्याचा हिशेब बसवला: घनफळ गुणिले ०.१६, भागिले एकूण शोषण.

आपण करून पाहू. समजा, बंदिस्त मंडप १२ मीटर लांब, ८ रुंद, ५ उंच आहे. घनफळ ४८० घनमीटर. भिंती, जमीन, छत मिळून ३९२ चौरस मीटर. कठीण पृष्ठभाग ३ टक्के आवाज शोषतो असं धरलं तर शोषण साधारण १२. म्हणजे रिकाम्या मंडपात निनाद ६.४ सेकंद! प्रत्येकी अर्धा धरून ५० श्रोते बसले, की शोषण ३७ आणि निनाद २.१ सेकंद. बोलणं नीट कळायला तो एक सेकंदाच्या आसपास हवा. ८० टक्के शोषणारं ४० चौरस मीटर आवरण छताला लावलं, की तो १.१ वर येतो.

स्पीकर वाढवून हे साधत नाही. निनादही तितकाच वाढतो.

आवरण कुठलं? आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरणारं, बुरशी येणारं नको. आगीला दाद न देणारं हवं. भोकं पाडलेल्या लाकडी फळ्यांमागे शोषक थर आणि थोडी पोकळी ठेवावी. कोरीव तुळया झाकू नयेत, आणि पुढे काढता येईल असंच बसवावं. मात्र अतिही नको, भजनाला थोडा निनाद लागतोच.

म्हणून आमचं सांगणं एवढंच: जुनं छप्पर उतरवण्याआधी मंडपात एक टाळी वाजवून ती ध्वनिमुद्रित करा. छप्पर उतरल्यावर ती संधी परत मिळत नाही.