४९८-अ आणि ‘१५ टक्के’: आकडा वापरण्याआधीचे तीन प्रश्न

‘४९८-अ मध्ये शिक्षा होते १५ टक्के, म्हणजे बाकी ८५ टक्के तक्रारी खोट्या.’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. विवाहितेच्या छळाचं हे कलम १९८३ साली आलं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे.

१५ टक्के हा आकडा अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य (२ जुलै २०१४) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. त्यात २०१२ ची आकडेवारी दिली आहे: १,९७,७६२ जणांना अटक, त्यात ४७,९५१ महिला; दोषारोपपत्राचं प्रमाण ९३.६ टक्के, प्रलंबित खटले ३,७२,७०६. म्हणजे आकडा हवेतला नाही. पण त्यावरून ‘खोट्या’ हा निष्कर्ष निघतो का? तीन गोष्टी तपासू.

१. छेदात काय आहे? दोषसिद्धीचा दर काढताना त्या वर्षी निकाल लागलेले खटले छेदात असतात, दाखल झालेल्या तक्रारी नव्हे. शिवाय केंद्रीय कायद्यानुसार हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. समझोता झाला तर गुन्हा रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. तो खर्च टाळायचा तर फिर्यादी कोर्टात साक्ष फिरवते आणि आरोपी सुटतात. कागदावर ती ‘निर्दोष मुक्तता’. तक्रार खोटी असल्याचा पोलिसांचा शेरा वेगळा असतो. महाराष्ट्रात त्याला ‘बी समरी’ म्हणतात. म्हणून निर्दोष सुटका आणि बी समरी एका रकान्यात टाकू नका.

२. मोजायचं एकक कोणतं? एका गुन्ह्यात नवरा, सासू, सासरे, दीर, नणंद असे पाच आरोपी असू शकतात. नवऱ्याला शिक्षा झाली आणि बाकीचे सुटले, तर गुन्हा ‘सिद्ध’, पण पाचातले चार सुटले. सरसकट सगळ्या घराला गोवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण खटल्यात कडक बोल सुनावले. ती तक्रार खरी आहे, पण ती तपासायला आरोपीनिहाय आकडे लागतात, गुन्हानिहाय नव्हे.

३. ठिकाण कुणाचं? रूपाली देवी खटल्यानंतर (एप्रिल २०१९) सासरहून निघून आलेली बाई माहेरच्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल करू शकते. समजा रहिमतपूरची मुलगी पुण्यात दिली. तिने रहिमतपूर ठाण्यात फिर्याद दिली, तर आकडा सातारा जिल्ह्याच्या नावावर चढेल, छळ मात्र पुण्यातला. ‘साताऱ्यात छळ वाढला’ असं लिहिण्याआधी सासर कुठलं ते प्रथम माहिती अहवालात पाहा.

हा नुसता काटेकोरपणा नाही. २०१७ साली राजेश शर्मा खटल्यात अशीच आकडेवारी पुढे ठेवली गेली आणि कोर्टाने दृश्य शारीरिक इजा किंवा मृत्यूची प्रकरणं सोडून प्रत्येक तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवायला सांगितलं. समितीचा अहवाल येईपर्यंत सहसा अटक नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने त्या समित्या काढून टाकल्या. मधलं वर्षभर छळाची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आधी समितीच्या दारात उभं राहावं लागण्याची वेळ आली.

प्रबंधात टक्केवारी लिहाल तेव्हा तिचा अंश, छेद आणि वर्ष त्याच वाक्यात लिहा. तेवढं लिहिता येत नसेल, तर तो आकडा अजून वापरण्याजोगा झालेला नाही.