जुनी मोटार का थरथरते?

कोराडीचे वीज केंद्र १९७४ पासून आपल्या परिचयाचे. तिथल्या टर्बाइनचा व जनित्राचा दांडा एकमेकांशी नेमके जुळवावे लागतात, कारण ते मिनिटाला ३,००० फेरे घेतात. आपल्या दारातल्या जुन्या फियाटलाही हीच जुळणी लागते, बरं का! फरक एवढाच की तिचे इंजिन काँक्रीटवर नव्हे, रबरावर बसलेले असते.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट डिलाइट आणि तिचीच पुढची पद्मिनी घ्या. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे गिअरबॉक्सखाली रबरी बैठका असतात. गॅरेजात त्यांना 'फाउंडेशन' म्हणतात. तेल आणि उष्णता यांनी रबर लोखंडी पट्टीपासून सुटते, नाहीतर दबून बसते.

माझ्या गाडीची थरथर घालवायला मी आधी टायर बदलले. पैसे गेले, थरथर राहिली! तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, हादरते का? हादरत नसेल आणि ठराविक वेगालाच हादरत असेल, तर चाके आणि प्रॉपेलर शाफ्ट पाहा. उभ्यानेच हादरत असेल, तर एखादा सिलिंडर लंगडा नाही ना, हे आधी तपासा. एका प्लगची तार काढूनही इंजिनाच्या चालीत फरक पडला नाही, तर दोष त्या सिलिंडरचा. तार मात्र इंजिन बंद करूनच काढावी.

तेही ठीक असेल, तर बॉनेट उघडा. चाकांखाली दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडीच्या पुढेमागे कुणी उभे राहू नये. जाणत्या माणसाने पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडावा. ड्रायव्हरच्या जागेवरून पाहता इंजिनाची डावी बाजू उचलू पाहते, रिव्हर्समध्ये उजवी. थोडे हलणारच; धाडकन उसळले, तर त्या बाजूचे रबर फाटले समजा. खात्रीसाठी इंजिन बंद करून चेंबरखाली जाड फळी ठेवा, जॅकने जरासे उचला आणि बॅटरीच्या उजेडात भेग पाहा. फळीवाचून जॅक लावलात तर चेंबर चेपेल.

माझ्या गाडीत डावे रबर पार सुटलेले निघाले. मागचे फाटलेले नव्हते, दबलेले होते, आणि ते जास्त फसवे. गिअरबॉक्सचे शेपूट खाली आले की शाफ्टच्या दोन टोकांचे कोन जुळत नाहीत आणि क्रॉस कुरकुरतो.

नवी रबरे बसवताना एकेक बोल्ट लगेच आवळू नका. सायलेन्सरचा पाइप सैल करा, कारण तोही इंजिनाला एका बाजूला ओढतो. सगळे बोल्ट हाताने धरा, जॅक काढा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, मगच आवळा. पंखा रेडिएटरला लागत नाही ना, हे हाताने फिरवून पाहा. फियाटचा गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे त्याच्या दांड्यांची लांबी शेवटी पुन्हा जुळवावी लागते.