मोजणीचा दिवा आणि बॅटरीची काटकसर

गावात जमिनीच्या मोजणीची तारीख पडली की घरोघर चर्चा सुरू होते. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, कुणी पुण्या-मुंबईहून रजा काढून येतो, चार जाणती माणसे बांधावर जमतात. अशा दिवशी भर दुपारी यंत्राची बॅटरी संपली तर काय होईल? उरलेले कोपरे राहून जातील, मंडळी पांगतील आणि बांधाचे भांडण पुढच्या तारखेपर्यंत तसेच धुमसत राहील. तेव्हा यंत्रातील वीज कुठे जाते आणि ती कशी वाचवावी, हा प्रश्न एकट्या मोजणीदाराचा नव्हे.

आपल्या आजोबांच्या वेळी ३३ फुटांची शंकू साखळी होती. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. तिला बॅटरी लागत नसे. पण दूरच्या खुणेसाठी प्रकाश वापरण्याची युक्तीही जुनीच आहे. १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ हिंदुस्थानच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. ते काम उत्तरेकडे नेत असता १८२३ साली आपल्या हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची माणसे दिवसा उंच जागी आरसे धरून सूर्याचा कवडसा दूरच्या दुर्बिणीकडे पाठवीत आणि रात्री दिवे लावीत. आरशाला खर्च नव्हता. दिव्याला तेल लागे. आज तेलाच्या जागी बॅटरी आली आहे.

आता टोटल स्टेशन नावाचे यंत्र घ्या. उपग्रहांच्या संकेतांवर चालणारे रोव्हर आज मोजणीला येतात हे खरे. पण दाट झाडीत किंवा भिंतींच्या आडोशाला ते संकेत नीट पोचत नाहीत. तिथे हे तिपाईवरचे यंत्रच कामी येते. ते समोरच्या काठीवरील प्रिझमकडे प्रकाश सोडते आणि परत आलेल्या प्रकाशावरून अंतर काढते. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. काठी ३०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६०० मीटर झाले. त्याला वेळ लागतो सेकंदाचा पाच लाखावा हिस्सा! यंत्र हे माप पुन:पुन्हा घेऊन सरासरी काढते. एका खुणेला दोन सेकंद लागले असे धरू. दिवसभरात शंभर खुणा मोजल्या, तरी प्रकाशाचे खरे काम २०० सेकंदांचे, म्हणजे चार मिनिटांच्या आतले.

मग बॅटरी जाते कुठे? ती जाते आपल्या सवयींत. अंतर सतत मोजत राहण्याची सोय या यंत्रांत असते. काठीवाला चालत असताना तिचा उपयोग होतो. पण तो उभा राहिल्यावरही ती चालू ठेवली तर दिवा फुकट जळतो. बॅटरी अमुक तास चालेल असे कारखानदार सांगतात, तेव्हा पुष्कळदा दर ३० सेकंदांना एकच माप घेतले जाईल असे धरलेले असते. म्हणून 'एक खूण, एक माप' हा नेम बरा. यंत्र बिंदूवर बरोबर उभे करण्यासाठी खाली लाल ठिपका पाडतात. काम झाले की तो बंद करावा. पडद्यामागचा उजेड भर उन्हात कमी करावा. काही वेळ हात लागला नाही तर यंत्र आपोआप बंद होण्याची सोय असते, तीही चालू ठेवावी.

प्रिझमचे महत्त्वही ध्यानात घ्या. त्यातील एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन पृष्ठांमुळे आलेला प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. नुसत्या भिंतीवर टाकलेला प्रकाश चोहीकडे विखुरतो, यंत्राकडे अगदी थोडा येतो. म्हणून तिथे अधिक जोरकस प्रकाश लागतो, वेळही जास्त लागू शकतो. काठी नेता येत असेल तिथे ती न्यावी. त्यात अचूकपणा आहे आणि काटकसरही.

काही यंत्रांत मात्र दिवा तासन्‌तास चालू ठेवावाच लागतो. घराच्या जोत्याची पातळी पाहणारे किंवा शेताचे सपाटीकरण करताना वापरतात ते लेझरयंत्र त्यातले. त्यासाठी काजव्यासारखी युक्ती आहे. काजवा अखंड जळत नाही, तो लुकलुकतो. अनेक रेषा-लेझर यंत्रांत अशीच सोय असते. प्रकाश सेकंदात हजारो वेळा लागतो आणि विझतो. डोळ्याला रेष सलगच दिसते, फार तर थोडी मंद. अर्धा वेळ दिवा बंद राहिला तर दिव्यापुरती वीज जवळजवळ निम्मी लागते.

यात दुसराही लाभ आहे. उन्हात ती रेष डोळ्यांना दिसत नाही, पण काठीवरच्या ग्राहक-उपकरणाला तो ठेका ओळखता येतो. जत्रेच्या गोंगाटातही हलगीचा ठेका कानाला वेगळा कळतो ना? तसेच ते. मात्र उपकरण त्याच ठेक्याला जुळणारे हवे. दोन रेषांची सोय असली आणि काम एकीचेच असले, तर दुसरी बंद ठेवावी.

आता बॅटरीची निगा. आजच्या लिथियम बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. बंद गाडीत किंवा उन्हातल्या पेटीत तिला ठेवू नका. महिनोन्‌महिने काम नसेल तर ती पूर्ण भरून वा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण निम्मी भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी. मोजणीच्या आदल्या रात्री दोन्ही बॅटऱ्या भराव्यात. दुसरी बॅटरी पिशवीत असणे ही चैन नव्हे.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करावा. एकाच जातीच्या दोन विजेऱ्या आणि एकाच प्रकारचे नवे सेल घ्यावेत. एक विजेरी सतत लावावी. दुसरी मुलांनी आळीपाळीने एक मिनिट लावावी, एक मिनिट बंद करावी. तासागणिक दोन्हींचा उजेड कागदावर पाडून ताडून पाहावा. मुले उत्तर आपणच सांगतील. लेझरचा किरण मात्र कुणाच्या डोळ्यांत पडू देऊ नये आणि दुर्बिणीतून त्याच्याकडे कधीही पाहू नये.

आपण माजघरातला दिवा मालवून मगच ओटीवर येतो, त्यात कंजूषपणा नसतो. मोजणीच्या दिव्याचेही तसेच आहे. नको तिथे तो विझवला, म्हणजे शेवटच्या कोपऱ्याची खूण त्याच दिवशी रोवता येते.